पंजाबी रेडिओवर लहान पोरं फोन करतात तसला कॉमेडी कार्यक्रम मराठीत करायचा तर कसा?

कामोठ्याची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

आमच्या शेजारी एक पंजाबी कुटुंब आहे. अंकलचा ट्रान्सपोर्टचा धंदा, कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये गाड्या असतात त्यांच्या, आणि घरात त्यांच्या आई, बीजी म्हणतात सगळे त्यांना. तर या बीजी रोज संध्याकाळी मोबाईलवर कॅनडातलं एक पंजाबी स्टेशन लावून बसतात, तिकडे तेव्हा सकाळ असते म्हणे. त्यात एक कॉमेडीचा भाग असतो, एक माणूस 'चाचाजी' बनलेला असतो आणि छोटी छोटी मुलं त्याला फोन करतात. आमचा लेक दुसरीत आहे, तो अभ्यास टाकून तिकडे पळतो. आधी मला वाटलं भाषा कळत नसताना काय ऐकतोय हा, म्हणून मी पण एकदा जाऊन बसले तर मीच उठेना!

म्हणजे बघा, एक मुलगी, असेल पाच-सहा वर्षांची, चाचा तिला विचारतो "पुत्तर, घर विच सब तों वड्डा कौण?" घरात सगळ्यात मोठं कोण. त्याला अपेक्षा आजोबा, पप्पा अशी असणार. तर ती थोडा विचार करून म्हणाली, "फ्रिज." बरं हा चाचा हसला नाही, सिरियसली म्हणतो अच्छा, आणि त्याच्यानंतर? "कपाट. मग पापा." मग त्याने विचारलं मम्मी कितवी, तर म्हणे मम्मी लहान आहे पण आवाज मोठा आहे. बीजी डोळ्याला पदर, म्हणजे ओढणी लावून हसत होत्या.

दुसरा एक मुलगा कुजबुजत बोलत होता, चाचा म्हणाला मोठ्याने बोल की बेटा, तर तो म्हणतो "अंकल जी तुसी हौली बोलो, फोन स्पीकर ते है", म्हणजे तुम्हीच हळू बोला, फोन स्पीकरवर आहे. त्याला मम्मीची तक्रार करायची होती आणि मम्मी तिथेच!

तर आता आमच्या डोक्यात आलंय की बालदिनाला सोसायटीत असं काहीतरी मराठीत करावं. क्लब हाऊसमध्ये एक जण काका बनून बसेल आणि मुलं घरातून फोन करतील, सगळे मिळून ऐकतील. डान्स आणि फॅन्सी ड्रेस बघून बघून कंटाळा आलाय खरंच, आणि त्यात दरवर्षी तीच चार मुलं पुढे असतात, बाकीची मागे उभी राहून टाळ्या वाजवतात.

प्रश्न असे की हे चाचा लोक मुलांना इतकं बोलतं कसं करतात, यात काही ट्रिक असते का, मराठीत असं पूर्वी कुणी केलंय का, आणि मुलाने हे पंजाबी कार्यक्रम ऐकायला हरकत नाही ना? कारण मधेच मोठ्यांचे जोक चालू होतात ते मला कळत नाहीत आणि बीजी सांगत नाहीत.

तीनहातनाका

ताई, मी पंजाबी, जन्म ठाण्याचा, शाळा मराठी मिडियम, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून फार म्हणजे फारच भारी वाटलं.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. मुलांच्या फोनचा भाग बिनधास्त ऐकू द्या. बाकी स्किटमध्ये दारू, साली, भाभी, मेव्हणा हा नेहमीचा मसाला असतो, बीजी सांगत नाहीत ते बरोबरच करतात 😀 तो भाग आला की आमच्याकडे पण आजी आवाज कमी करायची.

आता हा 'चाचा' कुठून आला ते सांगतो कारण त्याला मोठी परंपरा आहे. आकाशवाणी जालंधरवर शेतकऱ्यांसाठी देहाती प्रोग्राम असायचा, त्यात चाचा कुम्मेदान आणि ठंडूराम अशी पात्रं होती, खतं-बियाणं-बाजारभाव सगळं गप्पांतून आणि टोमण्यांतून सांगायचे. तिकडे लाहोर रेडिओवर निज़ामदीन होते, त्यांच्या गावरान गप्पा सीमेच्या अलीकडचे लोक पण ऐकायचे, रेडिओला कुठे व्हिसा लागतो. माझे आजोबा जालंधर आणि लाहोर दोन्ही ऐकून मोठे झालेले. पुढे १९८८ पासून जसविंदर भल्ला आणि बालमुकुंद शर्मा यांच्या 'छणकाटा' या विनोदी कॅसेट आल्या, त्यात भल्ला झाले चाचा चतरसिंग आणि शर्मा त्यांचे पुतणे. भल्ला खरे तर लुधियानाच्या कृषी विद्यापीठात प्राध्यापक होते! २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले ते, आमच्या घरात त्या दिवशी सगळे गप्प होते. तर सांगायचा मुद्दा, म्हातारा थोडा भोळा, थोडा आगाऊ चाचा आणि त्याला अडवणारा पुतण्या ही जोडी पंजाबी माणसाच्या कानात पक्की बसलीये. रेडिओवर पोरं फोन करतात तेव्हा पुतण्याची जागा त्या पोराला मिळते. चाचाला कमी कळतं आणि पोराला जास्त कळतं, सगळी गंमत तिथे आहे.

कॅनडाचं म्हणाल तर तिकडे २०२१ च्या जनगणनेत घरी मुख्यतः पंजाबी बोलणारे पाच लाखांच्या वर निघालेत. सरे, ब्रॅम्प्टन भागात आईबाप दोघं कामावर, बाप बऱ्याचदा ट्रकवर, आणि घरी आजी-आजोबा आणि नातवंडं. आजीला इंग्लिश जेमतेम, नातवाला पंजाबी जेमतेम, मधे रेडिओ. त्यामुळे त्या कार्यक्रमात पोरगं अर्धं इंग्लिश अर्धं पंजाबी बोलतं आणि चाचा त्याला न टोकता तेच वाक्य हळूच शुद्ध पंजाबीत परत म्हणतो, लक्ष देऊन ऐका, प्रत्येक फोनमध्ये करतो. माझी बहीण तिकडे असते, तिची मुलगी आजीशी पंजाबीत बोलायला लागली त्यात या कार्यक्रमाचा मोठा वाटा आहे.

अजून एक गोष्ट लिहितो, विषयाला धरून आहे. शाळेत मला रोज कुणीतरी बारा वाजले का विचारायचं. आमच्यावरचे जोक मी आमच्याच तोंडून ऐकायच्या आधी दुसऱ्यांकडून ऐकले आणि त्यात आमचा माणूस नेहमी बावळट. घरी रेडिओवर, कॅसेटमध्ये जो पंजाबी माणूस होता तो हजरजबाबी, घरच्यांची फिरकी घेणारा, पोरांपुढे मुद्दाम हरणारा. तुमचा मुलगा बीजींच्या शेजारी बसून पंजाबी विनोद ऐकतोय, त्याला कुणी संता-बंता फॉरवर्ड केला तरी तो त्याला वेगळ्या कानाने ऐकेल. मला याचं खरंच फार अप्रूप आहे.

खाडीपलीकडचा

मी आधी मुंबईत एका एफएम स्टेशनवर प्रोडक्शनमध्ये होतो, आता ऐरोलीत दुसरीच नोकरी. ट्रिक विचारलीत म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं म्हणजे तुम्ही ऐकता ते बरेचसे फोन लाइव्ह नसतात. रेकॉर्ड करतात, कापतात, आणि गाणं संपल्यावर वाजवतात. जिथे खरंच लाइव्ह असतं तिथे काही सेकंदांचा डिले ठेवतात आणि कुणी नको ते बोललं तर बटण दाबून तेवढं उडवतात. पोराच्या आधी आईबाबांशी कुणीतरी बोललेलं असतं, पोराला आतल्या माणसाने दोन मिनिटं गप्पा मारून गरम केलेलं असतं. मग चाचा लाइनवर येतो. त्यामुळे तुम्हाला वाटतं की पोरगं पहिल्या सेकंदाला सुटलं, तसं नसतं.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, प्रश्न. मोठी माणसं पोरांना काय विचारतात? नाव काय, कितवीत आहेस, मोठेपणी कोण होणार. ही तिन्ही उत्तरं पाठ असतात, त्यात हसण्यासारखं काही निघूच शकत नाही. ज्याचं उत्तर पोराला आधीच कुणी शिकवलेलं नाही असं विचारायचं. घरात सगळ्यात मोठं कोण, हा प्रश्न साधा दिसतो पण बघा ना, फ्रिज आला. आज डब्यातलं काय परत आणलंस आणि आईला काय सांगितलंस. बाबा घोरतात का, कसे घोरतात करून दाखव. आणि मग दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातूनच काढायचा. त्या चाचाने 'फ्रिजनंतर कोण' विचारलं ना, तिथे तो मास्टर आहे. नवखा माणूस फ्रिज ऐकल्यावर खोखो हसला असता आणि पुढच्या प्रश्नावर गेला असता, पोरगी तिथेच मिटली असती. आपण हसलो की पोराला कळत नाही की आपण कशाला हसलो, त्याला वाटतं माझं चुकलं.

तिसरं, थांबायचं. रेडिओवाल्याला शांततेची भीती असते, दोन सेकंद गप्प गेले तरी घाम फुटतो. पण पोरं विचार करायला वेळ घेतात. फोनवर नुसता श्वास ऐकू येत असतो, तो जाऊ द्यायचा. जे काही भारी निघतं ते त्या श्वासानंतर.

टेक्निकल म्हणाल तर स्टुडिओत फोन आणि मिक्सरच्या मधे हायब्रिड नावाचा डबा असतो, तो दोन्ही बाजूचे आवाज वेगळे ठेवतो. तुम्हाला त्याची गरज नाही, क्लब हाऊसमध्ये एक फोन ऑडिओ केबलने मिक्सरला लावला की झालं. पण काका जिथे बसतील तिथे स्पीकर नको, नाहीतर पोराला स्वतःचाच आवाज उशिराने परत ऐकू येतो आणि ते बोलायचं थांबतं. मोठ्या माणसाचं पण तसंच होतं. आणि पोराच्या घरी टीव्ही बंद, फोन स्पीकरवर नाही, कानाला. स्पीकरवर ठेवला की मागून आई प्रॉम्प्टिंग करते, "सांग ना बाळा कविता म्हणून दाखवते म्हणून" हे सगळं हॉलभर ऐकू जातं.

घणसोली_बाई

शिक्षिका आहे, प्राथमिकला. कल्पना छान आहे पण दोन गोष्टी मला खटकतात आणि त्या मी लिहिणार.

एक, त्या कार्यक्रमात 'मम्मी कुट्टदी' म्हणजे मम्मी मारते यावर हशा असतो, मी पण एकदोन क्लिप बघितल्यात. सात वर्षांचं मूल फोनवर सांगतंय की मला मारतात आणि सगळे हसतायत. ते मूल पुन्हा कधी खरं सांगायला येईल का? दुसरं, रेकॉर्डिंग. आज गंमत म्हणून ग्रुपवर टाकणार, मग ते कुठेकुठे जाणार, आणि तेच मूल सातवी-आठवीत गेल्यावर वर्गातले त्याला ते वाजवून दाखवणार. माझ्या वर्गात मी हे बघितलंय, एका मुलीची बालवाडीतली क्लिप फिरत होती, ती आठवडाभर डबा खायला एकटी बसत होती. तिने काय वाईट केलं होतं? काही नाही, 'र' ला 'ल' म्हणत होती एवढंच.

तीनहातनाका

बाई, पहिल्या मुद्द्यावर मला पण विचार करायला लागला. आमच्याकडे 'कुट्टणा' हा शब्द पोरं फार सढळ वापरतात, नुसतं रागावली तरी कुट्टया म्हणतात. पण तुमचं बरोबर आहे की बाहेरून ऐकणाऱ्याला फरक कळत नाही आणि कधी कधी फरक नसतोही. चांगला चाचा तिथे हसत नाही. मी ऐकलेल्या एका फोनमध्ये त्याने लगेच विचारलं होतं, मग तू काय करतोस? मुलगा म्हणाला दादीच्या मागे लपतो. मग चाचाने दादीला फोनवर बोलावलं आणि पोरासमोर तिच्याकडून वचन घेतलं की तिच्या मागे त्याची जागा कायम राखीव. हसले सगळे, पण पोराच्या बाजूने हसले.

खाडीपलीकडचा

रेकॉर्डिंगबद्दल मी बाईंच्या बाजूने. आम्ही स्टेशनवर शाळेचं नाव, बिल्डिंगचं नाव, आडनाव आलं की कापायचो. सोसायटीत तर सगळे ओळखतातच, म्हणून रेकॉर्डच करू नका. हॉलमध्ये मोबाईल वर धरून शूट करणाऱ्यांना आधीच सांगा. थोडी नाराजी होईल, होऊ दे.

घणसोली_बाई

हे चालेल मला. आणि जे मूल बोबडं बोलतं किंवा अडखळतं त्याला वगळू नका उलट, फक्त त्याच्या आईला आधी विचारा आणि काकांना आधी सांगून ठेवा की घाई करायची नाही, वाक्य त्याच्या तोंडातून पुरं करून द्यायचं नाही.

नौपाडा_जुना

माझं वय बघता मी आकाशवाणीबद्दलच बोलणार. पुणे केंद्रावर 'बालोद्यान' होतं, गोपीनाथ तळवलकर ते सांभाळायचे, सई परांजपे पण सुरुवातीला पुणे आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम करायच्या. मुंबई केंद्रावर 'पुन्हा प्रपंच' ही घरगुती विनोदाची श्रुतिका, त्यातले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी, त्यांच्या वेळेला नौपाड्याच्या चाळीत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत गेलं तरी एक वाक्य चुकायचं नाही कारण प्रत्येक खोलीत तेच लागलेलं. विविध भारतीचं 'हॅलो फर्माईश' घ्या, गाणं राहतं बाजूला आणि फोन करणारा शेताची, पावसाची, पोराच्या नोकरीची गोष्ट सांगतो, निवेदक ऐकून घेतात. म्हणजे फोनवरच्या गप्पा आपल्याकडे आहेत, घरगुती विनोद पण आहे. पण छोट्या मुलाने घरून फोन करावा आणि मोठ्या माणसाने त्याच्यापुढे हरावं असं मराठीत मी तरी ऐकलेलं नाही. बालोद्यानला मुलं स्टुडिओत जायची, छान तयारी करून, पाठ करून. तेही सुंदर होतं, वेगळं होतं.

एक सुचवतो. कोडी घ्या. कोड्यात मूल आपोआप वरचढ होतं कारण उत्तर त्याच्याकडे असतं.

तीनहातनाका

काका एकदम बरोबर बोललात!! पंजाबी कार्यक्रमात पण हेच असतं, बुझारत म्हणजे कोडं. पोरगं विचारतं "निक्की जेही कुड़ी, लै परांदा तुरी", म्हणजे छोटीशी मुलगी परांदा, वेणीत गुंफायचा गोंडा, घेऊन निघाली. उत्तर सुई-दोरा. चाचा मुद्दाम म्हणतो, माझी धाकटी मेव्हणी? पोरगं म्हणतं नाही. शाळेची बस? नाही!! पाल? चौथ्या चुकीच्या उत्तराला पोराचा आवाज इतका चढतो की ते स्वतःच ओरडून उत्तर सांगतं आणि मग म्हणतं, तुम्हाला काहीच येत नाही अंकल.

आणि ते कणसाचं, "हरी सी, मन भरी सी, मोतियां नाल जड़ी सी, राजा जी दे बाग विच दुशाला लैके खड़ी सी". हिरवी, मोत्यांनी मढलेली, शाल घेऊन राजाच्या बागेत उभी. तलावपाळीला पावसात भाजलेलं कणीस खाताना माझा मुलगा अजून म्हणतो हे.

नौपाडा_जुना

आपल्याकडे "इवलंसं कार्टं, घर कसं राखतं", कुलूप. "सूपभर लाह्या, त्यात एक रुपया", तारे आणि चंद्र. आत्ताच्या मुलांनी सूप बघितलंय का माहीत नाही, पण मग काकांनीच विचारायचं, सूप म्हणजे टोमॅटोचं का? मुलगा समजावून सांगेल, नाहीतर आजीला फोन देईल.

खाडीपलीकडचा

आजीला फोन देईल!! हे पक्कं ठेवा. पोराच्या फोनवर मधेच घरातलं दुसरं माणूस येणं हे सोनं असतं. फक्त आई सोडून कुणीही 😀 आई आली की पोराची परीक्षा सुरू होते.

कामोठ्याची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं सोसायटीच्या कमिटीला वाचून दाखवलं. ठरलंय की करायचं. रेकॉर्डिंग नाही, तशी नोटीसच लावणार लिफ्टमध्ये. फोन आधी कुणाचा लागेल ते चिठ्ठ्या टाकून, म्हणजे पुढे पुढे करणारी चार मुलं नाहीत आणि मागची लपणार नाहीत. ज्याला नको त्याच्यावर जबरदस्ती नाही.

काका कोण यावर बरीच चर्चा झाली. एकांचा मुलगा नाटकात काम करतो, छान मिमिक्री करतो, सगळे म्हणत होते त्यालाच घ्या. पण मी खाडीपलीकडचा यांची पोस्ट वाचून दाखवली आणि म्हटलं आपल्याला बोलणारा नकोय, ऐकणारा हवाय. मग बी विंगचे एक आजोबा ठरलेत, एसटीत कंडक्टर होते, पनवेल-अलिबाग गाडीवर. ते लिफ्टमध्ये मुलांना जे विचारतात ते ऐकून आम्ही सगळ्यांनी हात वर केले, परवा एकाला विचारत होते तुझ्या दप्तराला तिकीट काढू का अर्धं का पूर्ण, तर तो म्हणाला अर्धं, कारण आज भूगोल नाहीये.

बीजींना पण विचारलं. त्या एक फोन करणार आहेत, लहान मुलगी बनून नाही, बीजी म्हणूनच, आणि कणसाचं कोडं पंजाबीत घालणार. उत्तर आमच्या लेकाला माहितीये म्हणून त्याला त्या वेळी हॉलच्या बाहेर पाठवायचं असं त्यांचं म्हणणं, तो तयार नाहीये.

एकच अडचण राहिली. मिक्सर आणि ती ऑडिओ केबल. गणपतीला ज्यांच्याकडून साउंड आणतो ते एका संध्याकाळसाठी फार सांगतायत. खाडीपलीकडचा, छोटा मिक्सर भाड्याने मिळतो का नवी मुंबईत कुठे?

खाडीपलीकडचा

भाड्याने कशाला, माझ्याकडे दोन चॅनेलचा पडून आहे, केबल पण आहे. ऐरोलीहून येताना घेऊन येतो, आदल्या दिवशी येऊन लावून देतो आणि आजोबांसोबत एक तास प्रॅक्टिस करू, पोरं नको त्यात, कुणी दोन मोठी माणसं पोरं बनून फोन करतील. आणि तुमच्या क्लब हाऊसमध्ये मोबाईलला रेंज किती येते ते आजच बघून ठेवा, बेसमेंटला असेल तर फोन कट होतील, मग वायफाय कॉलिंग चालू करावं लागेल.

कामोठ्याची_आई

ग्राउंडला आहे, रेंज आहे. या नक्की, जेवायलाच या. बीजी म्हणतायत त्या दिवशीचं जेवण त्यांच्याकडे.

तीनहातनाका

मी पण येऊ का? ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येईन, जुईनगरला बदलून खांदेश्वर. दोन मोठ्या माणसांपैकी एक पोर मी बनतो.

कामोठ्याची_आई

या या, बीजींना सांगते, पराठे वाढवा म्हणून.